डावी की उजवी?

"आमच्याकडे मिरर आहे," हे वाक्य म्हणताना माणूस खुर्चीत थोडा मागे रेलतो, असं माझं निरीक्षण आहे. सीए रेलतात, आर्किटेक्ट रेलतात, लग्नाचे फोटो काढणारे रेलतात, पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईही रेलतात. मिरर म्हणजे एकच मजकूर एकाच वेळी दोन हार्ड डिस्कवर लिहिण्याची सोय. एक डिस्क गेली तर दुसरीवर सगळं जसंच्या तसं असतं आणि ऑफिस चालू राहतं. विकणाऱ्याने एवढंच सांगितलेलं असतं, आणि ते खरं असतं. गेलेली डिस्क बदलायला एक माणूस यावा लागतो, हे मात्र त्याने सांगितलेलं नसतं. मिररला खरा धोका या माणसापासून. डिस्क बिचारी तिची वेळ आली की मरते. माणूस "सरका, मी बघतो" म्हणत येतो आणि जिवंत डिस्क उपसतो.

डिस्क मरणार, हे मूळ कल्पनेत धरलेलंच होतं. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एक अवाढव्य महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळशा स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, त्या अधूनमधून मरणारच, पण मेल्या तरी काम अडू नये अशी व्यवस्था करावी, हे त्याचं सार. 'रेड' हे नाव त्यांचंच आणि या व्यवस्थांना क्रमांक द्यायची पद्धतही त्यांचीच. मिररला पहिला क्रमांक मिळाला. मिरर त्यांनी शोधला असं मात्र नाही. टँडम नावाची अमेरिकन कंपनी त्याआधीपासून जोडीने चालणाऱ्या डिस्क विकत होती आणि बँका त्या घेत होत्या. निबंधातली स्वस्ताईची अट पुढे कंपन्यांनी बिनबोभाट सोडून दिली, हे आजचं सर्व्हरचं कुठलंही कोटेशन पाहिल्यावर कळतं.

आपल्याकडे दोन डिस्क घेताना काय होतं? दुकानदार फळीवरून शेजारशेजारचे दोन डबे काढतो. एकाच कारखान्यात, बहुधा एकाच आठवड्यात बनलेले. त्या दोघी एकाच पेटीत बसतात, एकाच पंख्याची हवा खातात, वीज गेली की एकाच क्षणी दचकतात आणि रात्रंदिवस तंतोतंत सारखं काम करतात. एकाच मांडवात, एकाच घरात दिलेल्या जुळ्या बहिणीच त्या. एकीने मान टाकल्यावर दुसरी ठणठणीत आहे असं धरून चालणं, हा निव्वळ आशावाद. जाणकार माणसं म्हणून जोडीला मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या, निदान वेगळ्या महिन्यांत बनलेल्या डिस्क लावतात. दुकानदाराला हे सांगून पाहा. "साहेब, सेट कशाला मोडता?" असं तो कळवळून विचारतो.

डिस्कच्या माहितीपत्रकात सरासरी आयुष्य दहा लाख तास असं छापलेलं असतं. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. पंचम जॉर्जच्या दिल्ली दरबारात चालू केलेली डिस्क आत्ता कुठे थकायला आली असती. या हिशेबाने शंभर डिस्कमधली वर्षाला एकसुद्धा जायला नको. वर ज्यांचं नाव आलं त्या गिब्सन यांनीच बियांका श्रोडर यांच्याबरोबर सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षात वर्षाला शंभरात दोन ते चार डिस्क बदलाव्या लागतात, काही ठिकाणी तेरापर्यंत, असं निघालं. हे त्यांनी २००७ साली एका परिषदेत मांडलं. त्याच परिषदेत गूगलच्या संशोधकांनीही आपल्या लाखभर डिस्कचा हिशेब मांडला. स्वतःची प्रकृती स्वतःच नोंदवून ठेवायची 'स्मार्ट' नावाची सोय प्रत्येक डिस्कमध्ये असते. तरीही मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्क त्या नोंदवहीत कसलीही तक्रार न लिहिता गेल्या होत्या. उलट, तपासणीत जिच्यात पहिली चूक सापडली ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणजे डिस्क तक्रार करत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि केली तर वाट पाहता येत नाही.

पण तक्रार ऐकून घेणारं कुणीतरी हवं ना. डिस्क गेली की पेटी बीप करते. ऑफिसात बीप वाजू लागला की पहिले दोन दिवस सगळे यूपीएसकडे संशयाने पाहतात. तिसऱ्या दिवशी आवाज कुठून येतो ते सापडतं, आणि तिथेच 'म्यूट' असं लिहिलेलं बटण असतं. आवाज बंद झाला म्हणजे बिघाड दुरुस्त झाला, यावर आपल्याकडे सर्वपक्षीय एकमत आहे. काही पेट्या ईमेलही पाठवतात. तो पेटी बसवून गेलेल्या इंजिनिअरच्या पत्त्यावर जातो, आणि इंजिनिअर तर केव्हाच नोकरी बदलून बंगळुरूला गेलेला असतो.

उरतो दिवा. पुण्यातल्या पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात असा एक दिवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिरव्याचा केशरी झाला. ३१ जुलै तोंडावर, विवरणपत्रांचे ढीग. त्या दिवसांत सीएंच्या ऑफिसात माणूस केशरी झाला तरी कुणी मान वर करून पाहत नाही. ऑगस्ट दमण्यात गेला, मग गणपती, मग ऑडिटची धावपळ. खंडेनवमीला तिथले जुने शिपाईकाका शस्त्रपूजेला बसले. कॅल्क्युलेटर, पंचिंग मशीन, झेरॉक्स असं करत ते सर्व्हरपाशी आले. उभ्या पेटीला समोरून चार ट्रे, दोन भरलेले, दोन रिकामे. काकांनी झेंडूचा हार घातला, अक्षता वाहिल्या आणि प्रत्येक ट्रेच्या तोंडावर अंगठ्याने ओलं कुंकू लावलं. ट्रेच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात क्रमांक होता, तो कुंकवाखाली गेला. एका ट्रेचा दिवा वेगळ्या रंगाचा दिसला म्हणून काकांनी त्याला जरा जास्त कुंकू लावलं. तीन महिन्यांत तो दिवा पाहणारे ते पहिले गृहस्थ. आणि त्यांनी पाहिल्यावर तो पुढे कुणाला दिसेना.

काका हिशेबाच्या बाईंशी बोलले, बाई सरांशी बोलल्या, सरांनी भाच्याला बोलावलं. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. येताना तो तपकीर गल्लीतून नवी डिस्कही घेऊन आला. "मामा, दोन मिनिटांचं काम आहे. हॉट स्वॅप असतं, चालू असतानाच काढायची." पडद्यावर लिहिलेलं होतं, 'डिस्क १ फेल्ड'. भाच्याने डावीकडून मोजलं. एक. काढली.

यंत्रं शून्यापासून मोजतात. पडद्यावरची एक नंबरची डिस्क म्हणजे डावीकडून दुसरी, काकांनी जास्त कुंकू लावलेली. भाच्याच्या हातात आली ती शून्य नंबरची, तीन महिने एकटीने ऑफिस ओढणारी.

सगळे संगणक जागच्या जागी थिजले. मग भाच्याने तेच केलं जे आपल्याकडे टीव्हीपासून लिफ्टपर्यंत प्रत्येक यंत्राला केलं जातं: बंद करून चालू केलं. जुलैत झोपलेली डिस्क एवढ्या दीर्घ विश्रांतीनंतर टुणकन उठली आणि पेटी सुरू झाली. "झालं बघा," भाचा म्हणाला. बाईंनी खतावणी उघडली. शेवटची नोंद ४ जुलैची. ऑगस्टचं काही नाही, सप्टेंबरचं काही नाही. भरून, पोचपावत्या घेऊन, फाइल बंद केलेली विवरणपत्रं पुन्हा 'बाकी' या यादीत येऊन बसलेली. आर्टिकलशिपच्या एका मुलाने भीत भीत विचारलं, "सर, म्हणजे ३१ जुलै परत येणार?"

भाचा उपसलेली डिस्क घाईघाईने परत खुपसायला निघाला होता. बाईंनी त्याचा हात धरला आणि भिंतीवरचं बटणच बंद केलं. पेटीच्या दृष्टीने आता चालू असलेली जुलैची डिस्क हीच खरी. बाहेरून येणारी डिस्क म्हणजे मागे पडलेली प्रत. ती आत गेली असती तर पेटीने कर्तव्य म्हणून ऑक्टोबरवर जुलै लिहून काढला असता, आणि दोन्ही डिस्कवर मिळून एकच जुलै उरला असता. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला नंतर सांगितलं, "ताळा जुळत नसला की नवी नोंद करायची नाही, एवढं मला कळतं." कुठल्याही सर्व्हरच्या मॅन्युअलमध्ये इतकं चांगलं वाक्य मी वाचलेलं नाही.

दुरुस्तीला मी गेलो तेव्हा काम सोपं राहिलं होतं. जुलैची डिस्क बाहेर, ऑक्टोबरची एकटीच आत, पेटी चालू, सगळं जागेवर. मग जुलैच्या डिस्कची नोंदवही उघडून पाहिली, तर डिस्क धडधाकट. एकही खराब जागा नाही, एकही बदललेला सेक्टर नाही. वाढला होता तो फक्त १९९ क्रमांकाचा आकडा, ज्यात डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेल्या निरोपांची मोजदाद होते. तो आकडा वाढला की संशय वायरवर घ्यायचा. ट्रेच्या मागून बोर्डाकडे जाणारी वायर ढिली होती. ती वायर शे-दोनशे रुपयांत मिळते. तीच आधी बदलून पाहावी, हे मात्र कुणाला रुचत नाही. खर्च मोठा असल्याशिवाय दुरुस्ती झाल्यासारखी वाटत नाही.

तर पहिला प्रश्न हाच, की आजारी नेमकी कोण. त्याचं उत्तर डावी-उजवी, वरची-खालची, पहिली-दुसरी या शब्दांत देता येत नाही. लिनक्समध्ये डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं मिळतात, पण ती जन्मनावं नव्हेत. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर 'ए'ची 'बी' होऊ शकते. कायमची ओळख एकच, डिस्कवर छापलेला अनुक्रमांक. पडद्यावर वाचायचा, डिस्कवर वाचायचा आणि दोन्ही जुळले तरच हात लावायचा. हे म्हणायला सोपं. डिस्कच्या लेबलावर वीसेक आकडे आणि बारकोड असतात, त्यांतला अनुक्रमांक सर्वांत बारीक. एक जण मोबाइलचा टॉर्च धरतो, दुसरा चष्मा कपाळावर चढवून वाचतो, तिसरा फोनवर मुंबईच्या इंजिनिअरला कळवतो.

"झेड."
"सी का?"
"झेड हो, झेड! झंडू बामचा झेड!"
"पुढे?"
"आठ. नाही, थांबा, बी असेल. बारामतीचा बी."
"आठ की बारामती?"
"पुसट आहे हो. काका, जरा टॉर्च इकडे धरा."

शिवाय डिस्क ट्रेमध्ये असताना लेबल दिसतच नाही, म्हणजे कुठली काढायची हे ठरवायला आधी ती काढावी लागते. पेटी बंद करून बघणं हा त्यावरचा रास्त मार्ग. मिररची बढाई न मारणाऱ्या लोकांना तो लगेच सुचतो. बंद करणं परवडत नसेल तर चांगल्या पेट्यांत हवा तो ट्रे लुकलुकवायची आज्ञा असते. तीही नसेल तर जिवंत डिस्कवरून काहीतरी मोठं वाचायला लावायचं; जिचा दिवा सारखा फडफडतो ती चांगली, तिच्या वाटेला जायचं नाही. आजारी डिस्कला ओळखण्यापेक्षा निरोगी डिस्कला ओळखून ठेवणं जास्त महत्त्वाचं, कारण आता सगळं तिच्या एकटीच्या जिवावर आहे.

आणि म्हणूनच, काहीही काढण्याआधी बॅकअप. हा शब्द उच्चारला की मागे रेललेला माणूस पुढे येतो. "अहो, मिरर आहे ना? मग बॅकअप कशाला?" मिरर आज्ञाधारक असतो. चुकून फोल्डर उडवलं तर तो दोन्हीकडून उडवतो, त्याच क्षणी. खंडणीखोर व्हायरसने फाइलींना कुलूप लावलं तर दोन्ही डिस्कवर अगदी सारखं, नीट, तपासून लावलेलं कुलूप मिळतं. वेगळ्या जागी, वेगळ्या डिस्कवर ठेवलेली आणि मुख्य म्हणजे उघडून पाहिलेली प्रत असल्याशिवाय ट्रेच्या कडीला हात लावू नये. या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. मी पिशवी उचलतो आणि निघतो.

नवी डिस्क आणणं हे स्वतंत्र प्रकरण आहे. जुनं मॉडेल बंद झालेलं असतं. दुसऱ्या कंपनीची घेतली तर तिची एक टीबी पहिल्या कंपनीच्या एक टीबीपेक्षा काही सेक्टरांनी कमी भरू शकते, आणि थोडी जरी कमी भरली तरी बहुतेक यंत्रणा ती जोडीला घ्यायला नकार देतात. मोठी घेतली तर चालते. जास्तीची जागा दुसरी बदलेपर्यंत रिकामी बसते, एवढंच. (एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते म्हणून लॅमिंग्टन रोडवर जाऊन भांडणारे लोक अजून आहेत. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. दुकानदाराने मधले ६९ खाल्लेले नसतात.) २०२० साली आणखी एक बोभाटा झाला. एकमेकांवर थोडे चढवून माग लिहिणाऱ्या डिस्क काही कंपन्यांनी ग्राहकाला न सांगता विकल्या होत्या. वाचायला त्या बऱ्या, पण सलग लिहायला लावल्या की धापा टाकतात, आणि मिररमध्ये आलेल्या नव्या डिस्कचं पहिलं काम सलग लिहिण्याचंच असतं. म्हणून डिस्क 'सीएमआर', म्हणजे माग एकमेकांवर न चढवणारी, असल्याची खात्री करून घ्यावी आणि बिलावर लिहूनही घ्यावं.

आता खरी अदलाबदल. लोकांच्या मनात तिचा क्रम पक्का असतो: जुनी काढा, नवी घाला. पण रिकामा ट्रे असेल आणि आजारी डिस्क अजून थोडीफार श्वास घेत असेल, तर नवी आधी घालावी. लिनक्सच्या मिररला किंवा झेडएफएस नावाच्या साठवणप्रणालीला तीन डिस्कचं वावडं नसतं. तिसरी येते, तिच्यावर सगळं उतरतं, ती तयार झाल्याचं यंत्रणा सांगते आणि मग जुनीला निरोप द्यायचा. मधल्या काळात एकही क्षण असा येत नाही की सगळं एकाच डिस्कवर आहे. अर्धमेल्या डिस्कवरचाही बराचसा भाग वाचता येतो, आणि निरोगी डिस्क नेमक्या एखाद्या जागी अडखळली तर तेवढ्यापुरता या अर्धमेलीचाच आधार मिळतो.

झेडएफएस वापरणाऱ्यांसाठी इथे एक खड्डा आहे. मिररमध्ये डिस्क घ्यायची आज्ञा 'अटॅच'. शेजारी 'अ‍ॅड' नावाची दुसरी आज्ञा आहे, आणि घाईत बोटं तिकडे जातात. 'अ‍ॅड' केलेली डिस्क मिररमध्ये जातच नाही; साठ्याचा स्वतंत्र, एकटा, जोडीदार नसलेला भाग होते. ती गेली तर अख्खा साठा जातो. यंत्रणा इशारा देते, की हे विजोड आहे, खरंच करायचं असेल तर डॅश एफ लिहा. आपल्याकडे डॅश एफ लिहायला कुणी कचरत नाही. सिग्नल लाल दिसला की हॉर्न वाजवतात, तीच माणसं ही.

बोर्डावरच्या साध्या रेडमध्ये याहून वाईट प्रसंग येतो. संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन डिस्क दिसतात आणि विचारणा होते: कुठून कुठे लिहायचं? एक भरलेली, एक कोरी. इथे चूक झाली तर कोऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत तयार होते. मग मिरर शंभर टक्के निरोगी असतो, दोन्ही दिवे हिरवेगार. हा पडदा आला की मी खोलीतल्या सगळ्यांना चहाला पाठवतो. विशेषतः "वाय दाबा, वाय दाबा" म्हणणाऱ्याला.

काढतानाही ओढायची नाही. कडी उघडून ट्रे दोन बोटं पुढे घ्यायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं. आतली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. फिरती डिस्क हातात घेतली की मनगट वळवताना ती विरोध करते, हे ज्याने अनुभवलंय तो पुन्हा घाई करत नाही.

नवी बसल्यावर उरतं ते बघत बसणं. चार टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने लिहीत गेली तर सुमारे साडेसात तास लागतात, आणि ऑफिस चालू असेल तर त्याहून जास्त. साधी रेड रिकामी जागासुद्धा इमानेइतबारे उतरवून घेते. झेडएफएस जेवढं भरलंय तेवढंच. पहिल्या पाच टक्क्यांना सगळे भोवती उभे असतात, दहाला सर निघतात, बाराला भाच्याचा क्लास असतो. आणि नेमका हाच काळ जोखमीचा, कारण उरलेल्या जुळ्या बहिणीला आता अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायचं असतं, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइलीत कुठे काय कुजलंय ते तेव्हा कळतं. ते आधी कळावं म्हणून अधूनमधून सगळं वाचून ताडून पाहायची सोय असते. डेबियन लिनक्समध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी हे आपोआप होतं, आणि सोमवारी "काल रात्री सर्व्हर स्लो का होता?" म्हणून कुणीतरी ते बंद करायला सांगतो. पुण्यात डिस्क बदलायचं काम बुधवारी संध्याकाळी सुरू करू नये, एवढं पुणेकरांना सांगायला नको. गुरुवारी वीज कधी जाईल ते महावितरण ठरवतं.

या काळात डिस्कजवळ ओरडूही नये. यात थट्टा नाही. २००८ साली सन मायक्रोसिस्टम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कच्या कपाटाला तोंड लावून जोरात आरोळ्या ठोकल्या, आणि डिस्कना उत्तर द्यायला लागणारा वेळ पडद्यावरच्या आलेखात उसळलेला दिसला. आवाजाने डिस्क कंप पावते, डोकं मागावरून हलतं, पुन्हा प्रयत्न करावा लागतो. ज्यांचं ऑफिस ढोल-ताशा पथकाच्या सरावाच्या जागेला खेटून आहे, त्यांनी डिस्क बदलायला श्रावण निवडू नये.

शेवटी आकडा शंभरावर येतो, दिवे हिरवे होतात, पेढे येतात, आणि टेबलावर पडलेल्या जुन्या डिस्ककडे कुणाचं लक्ष राहत नाही. आठवडाभर ती पेपरवेट म्हणून काम करते. नंतर आर्टिकलशिपचा एखादा मुलगा "घेऊ का सर, सिनेमे ठेवायला?" असं विचारतो, नाहीतर ती रद्दीबरोबर भंगारात जाते. ती मिररमधली डिस्क आहे. म्हणजे तिच्यात अर्धवट तुकडे नाहीत, सगळंच्या सगळं आहे: गिऱ्हाइकांचे पॅन, आधार, बँकेची खाती, कुणाचा घटस्फोट, कुणाचं कर्ज. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ही जबाबदारी तुमच्यावर टाकलेली आहे, आणि कायदा नसता तरी असती. वॉरंटीत बदलून मागितली तर जुनी कंपनीकडे जाते. काही कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन ती तुमच्याकडे ठेवू देतात, ते पैसे द्यावेत. चालू असेल तर पूर्ण पुसावी. पुसण्याइतकीही उरली नसेल तर ड्रिलने तबकड्यांच्या आरपार दोन-तीन भोकं पाडावीत. डोळ्यांवर गॉगल घालून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात. ड्रिल नसेल तर सोसायटीत कुणाकडे तरी असतोच, मागून आणा. फक्त पुण्यात असाल तर दुपारी एक ते चार चालवू नका.